स्वस्त सिगार: हाताने वळलेली आणि यंत्रातून निघालेली

टेबलावर जुना पेपर पसरला, ब्लेड घेतलं आणि दोन सिगार उभ्या चिरल्या. लांबी-जाडी जवळपास सारखी, रंग तोच तपकिरी, दोन्ही स्वस्तातल्या. एक क्युबाची होसे एल. पिएद्रा, हाताने वळलेली. दुसरी अमेरिकन, यंत्रावरची. दोन्हींच्या पोटातून बारीक तुकडे पेपरवर सांडले. इथेच बहुतेकांची गल्लत होते. आतून चुरा निघाला म्हणजे दोन्ही एकाच लायकीच्या, असं धरून चालतात. मला ते पटत नाही.

सिगारचे तीन थर असतात. आतलं भरण म्हणजे फिलर, ते आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर आणि वरून दिसणारं देखणं पान म्हणजे रॅपर. महाग सिगारमध्ये फिलरची पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातात. क्युबात त्याला त्रिपा लार्गा म्हणतात. अशा सिगारी वळताना जे तुकडे उरतात ते फेकून देत नाहीत. त्यांचंच भरण करून वेगळ्या, स्वस्त सिगारी वळतात, ती त्रिपा कोर्ता. पिएद्रा या दुसऱ्या जातीची. तुकडे आहेत हे खरं, पण तुकडे पानाचेच आहेत. निपाणीकडे विडीतही तंबाखूचा चुराच भरतात, म्हणून विडीला कोणी नकली म्हणत नाही. चव आधी पानाच्या जातीवर आणि ते किती मुरलंय यावर ठरते. तुकड्याच्या लांबीचा संबंध येतो तो जळण्याशी.

आता दुसरी सिगार. तिचा रॅपर सोडवून दिव्यासमोर धरला. पिएद्राच्या पानात मधली शीर काढून टाकली होती तरी बारीक शिरांचं जाळं स्पष्ट दिसत होतं, कुठे फिकट, कुठे गडद, एका जागी डागही होता. या दुसऱ्या रॅपरमध्ये शीर नव्हतीच. सगळीकडे एकच रंग, एकच जाडी, आणि फाडला तर खाकी कागदासारखा कसाही फाटला. तंबाखूची भुकटी, देठांचा आणि शिरांचा चुरा, त्यात डिंकासारखं काहीतरी चिकट आणि पाणी घालून लगदा करतात, तो पसरून वाळवतात आणि त्याचे सलग ताव बनवतात. खरं पान प्रत्येक वेळी वेगळं निघतं, त्याला हात आणि नजर लागते. तावाला यातलं काही लागत नाही, म्हणून यंत्र अखंड चालतं आणि किंमत खाली येते. अनेक स्वस्त सिगारींत बाइंडर असा तावाचा असतो, काहींत रॅपरसुद्धा.

म्हणून स्वस्त सिगार हातात आली की मी एवढंच बघतो: पैसे वाचवताना नेमकं काय कापलंय? पिएद्रासारखीत अखंड पानाची चैन कापली आहे. तावाच्या सिगारीत पानच कापलंय. पहिली काटकसर मला मान्य आहे, दुसरी नाही.

पण यंत्र म्हटलं की वाईट, असंही समजू नका. इटलीची तोस्कानो घ्या. आज तिचा बराचसा माल यंत्रावरच निघतो, आतलं भरण तुकड्यांचं, बाइंडर तर नसतोच. पण आत-बाहेर आंबवलेलं केंटकी तंबाखूचं खरं पान असतं. ती ओबडधोबड दिसते, मधोमध कापून अर्धी-अर्धी ओढतात, आणि तिच्या किमतीत इतकी दमदार चव मला दुसरीकडे मिळालेली नाही.

खोक्यावरचे शब्दही नीट वाचावेत. 'एचो आ मानो' म्हणजे हाताने बनवलेली, पण भरण यंत्राने आणि फक्त शेवटचं पान हाताने, असा मालही या नावाखाली खपतो. पूर्ण हाताची म्हणायचं तर 'तोतालमेंते आ मानो' हे शब्द हवेत. क्युबाच्या खोक्यांवर ते 1989पासून येऊ लागले.

घेताना दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकं दाबत जा. मध्येच पोकळ लागलं तर तिथे ती भराभर आणि गरम जळणार, दगडासारखी गाठ लागली तर ओढताना गाल दुखणार. हाताच्या स्वस्त मालात हा दोष सर्रास सापडतो. यंत्राची सिगार इथे सरस ठरते, तिचं भरण सहसा एकसारखं असतं. टोक कापून न पेटवता एक झुरका घ्या. ओठाला साखरेसारखा गोडवा लागला तर तो वरून लावलेला आहे. राख लांब टिकली नाही म्हणून मात्र सिगारला नावं ठेवू नका. तुकड्यांच्या भरणाची राख लवकर गळणारच. अशी सिगार कापताना टोक अगदी थोडं काढा, नाहीतर तोंडात तुकडे येतात. मिनिटाला एकच झुरका पुरे, घाई केली की शेवटी तोंड कडू होतं.

साठवणीत दोन्ही बिघडतात, पण खऱ्या पानाची जास्त. पुण्यातल्या एका दुकानातून एप्रिलमध्ये घेतलेल्या पाचही सिगारींचे रॅपर पेटवताच तडकले होते, कारण त्या तिथे उघड्या फडताळात पडून होत्या. मुंबईच्या पावसाळ्यात उलट बुरशी चढते. 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि वीसेक अंश तापमान जमलं तर उत्तम. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर तो तंबाखूचा भुंगा आहे, तेव्हा ती सिगार बाकीच्यांजवळ ठेवू नका.

आणि एक गोष्ट किमतीने बदलत नाही. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडातूनच अंगात भिनतं, आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका खऱ्या पानालाही आहे आणि तावालाही. मी महिन्याला एकावर आलो आहे. एकच ओढायची, म्हणून ती दिव्यासमोर धरून, शिरा बघूनच घेतो.