एक पान, एक पेटी

एप्रिल लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हापूसच्या लिंका फिरू लागतात. काही उघडल्या की आंबा, काजू, कोकम आगळ, फणसपोळी आणि मागच्या दिवाळीचा न विकला गेलेला कंदीलसुद्धा समोर येतो. काहींत मात्र एकच पेटी असते, सोबत डझनाचा हिशोब, भाव, घरपोच मिळण्याचा दिवस आणि पैसे भरायचं बटण. या दुसऱ्या पानाला धंद्यात ‘लँडिंग पेज’ म्हणतात. नाव नवं असलं तरी ही रीत टपालाच्या काळातली आहे.

अमेरिकेत टपालविक्रीच्या सुरुवातीलाच दोन वाटा दिसतात. १८७२ साली माँटगोमेरी वॉर्डने काढलेली पहिली यादी म्हणजे एकच कागद होता, पण त्यावर १६३ वस्तू होत्या. दुसरी वाट कुपनवाल्यांची, म्हणजे जाहिरातीतलं कुपन कापून टपालाने पाठवा असं सांगणाऱ्यांची. क्लॉड हॉपकिन्स हा जाहिरातलेखक त्यांचा आग्रही पुरस्कर्ता. प्रत्येक कुपनावर खुणेचा आकडा छापायचा आणि कोणत्या वर्तमानपत्रातून, कोणत्या मथळ्यामुळे किती कुपनं परत आली ते मोजायचं. १९२३ साली त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं. मोजायचं म्हटलं की जाहिरातीत मागणं एकच हवं. चार गोष्टी एकदम विकायला काढल्या, तर गिऱ्हाईक कशामुळे आलं हे कळणार कसं?

आपल्याकडे टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही. पी., म्हणजे पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पार्सल सोडवून घ्यायची सोय, सुरू केली आणि १८८० मध्ये मनीऑर्डर. पुण्याच्या पुस्तकधंद्याला या दोन्ही सोयी चांगल्याच मानवल्या. प्रकाशनपूर्व सवलतीचं पत्रक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना लँडिंग पेज वेगळं समजावून सांगायला नको. पुस्तकाचं नाव, मूळ किंमत, सवलतीची किंमत, शेवटची तारीख आणि पैसे पाठवायचा पत्ता, एवढंच. मनीऑर्डरच्या कुपनावर मजकुराला जागा जेमतेम दोन-चार ओळींची. पत्रक एकाच पुस्तकाचं असलं, की कुपनावर नुसतं नाव-गाव आलं तरी काय पाठवायचं ते उमगे.

मग पुण्यातल्या लक्ष्मी रोडचं काय, असं कोणी विचारेल. तिथला साडीवाला तर गादीवर पन्नास साड्या उलगडतो. उलगडतो खरा, पण त्याची नजर साडीवर नसते, समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर असते. काठाला हात लागला की तो तसलाच काठ आणखी दोन रंगांत काढतो. नाक मुरडलं की घडी बाजूला. शेवटी मांडीवर दोनच उरतात. निवड गिऱ्हाइकाची वाटते, गाळणी मात्र विक्रेत्याची असते. वेबपानावर ही गाळणी करणारा माणूस नाही, म्हणून ती आधीच करून ठेवावी लागते. मला तरी एका पानावर एकच माल ठेवण्याचं खरं कारण हेच वाटतं.

धंद्याच्या कार्यशाळांत मात्र हमखास जॅमचा दाखला देतात. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ चवींच्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी जॅम घेतला, तर ६ चवींच्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. आकडे झकास आहेत, पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पर्याय जास्त म्हणून गिऱ्हाईक पळतंच, असं नाही.

इंटरनेटवर ही जुनी शिस्त परत आणली ती पैशाने. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स हे शोधासोबत जाहिराती दाखवण्याचं साधन काढलं आणि २००२ पासून क्लिकमागे पैसे घेणं सुरू केलं. आता दारात येणाऱ्या प्रत्येकाची किंमत आधीच मोजलेली. ‘हापूस पेटी पुणे’ शोधून आलेल्या माणसाला दुकानाच्या मुखपृष्ठावर सोडून देणं म्हणजे मोजलेले पैसे मुठा नदीत टाकणं. पुढे जाहिरातीचं आणि पानाचं कितपत जुळतं हेही गूगल जाहिरातींना गुण देताना धरू लागलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाव वाचणं व पैसे देणं यांतलं अंतर एका बोटावर आलं.

या प्रकाराला एक वाईट खोडही जडली, ती उलट्या घड्याळाची. ‘फक्त १५ मिनिटं बाकी’ असं बजावणारं पान बंद करून पुन्हा उघडावं, तर घड्याळ परत पंधरावर. प्रकाशनपूर्व सवलतीची तारीख निदान छापलेली असायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या क्लृप्त्या नोंदवल्या आणि त्यांत खोटी घाई आहेच. हापूसवाल्यांना तर त्या घड्याळाची गरजच नाही. मृगाचा पाऊस पडला की पेट्या आपोआप थांबतात.