दोघींचंही ‘रक्त कमी’, पण लोहाची कमतरता वेगळी आणि थॅलेसेमिया वेगळा

मागच्या महिन्यात नणंदेचा तिच्या लेकीसाठी, आमच्या बायसाठी, फोन आला, आवाजच घाबरलेला. "वहिनी, आमच्या बायचं हिमोग्लोबिन 9.2 आलंय, डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे, म्हणजे तुमच्या लेकीसारखं तिलापण दर महिन्याला रक्त लावायला लागणार काय?" मी म्हटलं, नाही गो, आधी रिपोर्टचा फोटो पाठव.

तिची चूक नाही. आपल्याकडे सगळ्यालाच ‘रक्त कमी’ म्हणतात. दोन्हीत माणूस फिकट दिसतो, जिना चढला की धाप लागते, रिपोर्टमध्ये लाल पेशी बारीक आणि फिक्या येतात. पण कारण उलटं आणि औषधसुद्धा उलटं, म्हणून लिहायला बसले.

हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं आणि ग्लोबिन नावाच्या प्रोटीनच्या साखळ्या लागतात. लोहाच्या कमतरतेत साखळ्या बरोबर बनतात, लोहच पुरत नाही. पाळीत रक्त जास्त जातं, पोटात जंत असतात, गरोदरपण असतं, किंवा जेवणात लोह कमी आणि वर जेवल्या जेवल्या चहा. गोळ्या नीट घेतल्या आणि मूळ कारण शोधलं की काही महिन्यांत माणूस बरा होतो. थॅलेसेमियात लोह असतं, पण साखळी बनवणारं जीनच बिघडलेलं, जन्मापासून, आईबाबांकडून आलेलं. ते कुठल्या गोळीने दुरुस्त होत नाही. एकाच पालकाकडून आलं तर मायनर, म्हणजे माणूस ठणठणीत, फक्त हिमोग्लोबिन थोडं कमी, कित्येकांना आयुष्यभर कळतही नाही. दोघांकडून आलं तर मेजर. आईबाबा दोघंही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता मेजरची, पहिलं मूल चांगलं झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही.

मी स्वतः मायनर आहे आणि हे मला लेक आठ महिन्यांची झाल्यावर, ती मेजर निघाली तेव्हा कळलं. कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या खात होते, हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर कधी गेलंच नाही, गरोदरपणात पण परत त्याच गोळ्या आणि तांबडी भाजी खा, नाचणी खा. आमचं गोव्यातलं डिचोली, खाणींचा तालुका, लोखंडावर जगलेला, सासूबाई म्हणायच्या इथे राहून तुला लोह कमी कसं पडतं. आता जुने सीबीसी, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीचे रिपोर्ट, काढून बघते तर सगळं तिथेच लिहिलेलं. एमसीव्ही 63, म्हणजे पेशी खूपच बारीक, आणि आरबीसी काउंट 5.5, म्हणजे पेशींची संख्या उलट जास्त. लोह कमी असलं की सहसा संख्याही कमी होते. एमसीव्हीला आरबीसीने भागायचं, 13 च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय, वर आलं तर लोहाचा. माझं साडेअकराच्या आसपास येतं. हा फक्त अंदाज, पक्कं कळतं ते हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी टेस्टमध्ये, त्यातला एचबीए2 हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला की मायनर धरतात. इतकी वर्षं कुणी ती टेस्ट लिहून दिली नाही, नवऱ्याची तर साधी तपासणीही झाली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

लेक आता नऊ वर्षांची. दर तीन आठवड्यांनी बांबोळीच्या हॉस्पिटलात, आदल्या दिवशी क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पिशवीतलं रक्त जुळतंय का बघायला, तिच्या रक्ताचा नमुना द्यायचा, मग दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून दिवसभर पिशवी संपायची वाट बघायची. हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर हाडं आणि प्लीहा वाढायला लागते. आणि खरी गंमत नाही, खरा त्रास तर पुढेच आहे. रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. उरलेलं यकृतात, हृदयात, हार्मोनच्या ग्रंथींमध्ये साठतं, आणि मेजरच्या पेशंटना सगळ्यात मोठा धोका त्या हृदयातल्या लोहाचाच. म्हणून ती रोज सकाळी उपाशीपोटी डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून पिते, अंगातलं लोह काढायला. आधीच्या मुलांना रात्रभर पोटाला सुई लावून पंप चालवावा लागायचा. लोह कमी असलेल्या माणसाचं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, 15 च्या खाली असतं, हिचं मागच्या वेळी 1800 होतं आणि आम्ही ते 1000 च्या खाली आणायला धडपडतोय. त्यामुळे चवथीला येणारे पाहुणे प्रेमाने लोहाचं टॉनिक घेऊन येतात ना, ते मी हात जोडून परत करते. घरचं साधं जेवण ती सगळं जेवते, पण टॉनिक तिच्यासाठी विष.

पण हे वाचून स्वतःच्या लोहाच्या गोळ्या लगेच बंद करू नका. मायनर माणसालाही वेगळी लोहाची कमतरता होऊ शकते, विशेषतः गरोदरपणात. फेरिटिन बघा, डॉक्टरांना विचारा. ताप किंवा इन्फेक्शन असलं तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हेही त्यांना सांगा.

बायचा रिपोर्ट बघितला. आरबीसी 3.9, एमसीव्ही 70, भागाकार जवळजवळ 18, फेरिटिन 6. म्हणजे लोहाचीच कमतरता, आणि पाळीत रक्त खूप जातं हे तिने विचारल्यावर सांगितलं. नणंद रडलीच फोनवर. पण माझा नवरा मायनर आहे, म्हणजे त्याच्या बहिणीकडेही ते जीन असू शकतं आणि तिच्याकडून बायकडे, म्हणून मी एचपीएलसी करायला लावलीच. एचबीए2 2.4 आलं. चांगलं आहे, पण लोह खूप कमी असताना हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, मायनर लपून राहतो. डॉक्टरांनी तीन महिने गोळ्या घेऊन, फेरिटिन वर आल्यावर परत टेस्ट करायला सांगितलंय. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरवायचं घाटतंय. मी नणंदेला म्हटलं, तोपर्यंत दुसरा रिपोर्ट येईल, आणि मुलाकडच्यांनाही टेस्ट करायला सांगायला लाजू नको, लागलं तर मी येते सोबत बोलायला.