पीडित-गुन्हेगार मध्यस्थी म्हणजे माफीची सक्ती नव्हे

“पीडित आणि गुन्हेगाराला मध्यस्थाच्या मदतीने समोरासमोर बसवायचं म्हणजे पीडिताला माफ करायला लावायचं,” हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी २२ ठिकाणी तोडफोड केली. न्यायाधीशांच्या परवानगीने ते दारोदार गेले, नुकसान किती झालं ते ऐकलं आणि भरपाई दिली. आजची पद्धत इथून वाढली.

आरोपीने कृत्य कबूल केलेलं असावं लागतं. मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळं भेटतो, गरज पडली तर अनेकदा. खरी मेहनत इथेच असते. घाई झाली की आरोपी पाठ केलेलं “सॉरी” म्हणतो आणि पीडिताची जखम पुन्हा उघडते. दोघांपैकी कोणीही कधीही उठून जाऊ शकतो. समोर यायचं नसेल तर मध्यस्थामार्फत बोलता येतं. माफी द्यायची की नाही, हे पीडितच ठरवतो. भरपाईच्या करारात रक्कम, हप्ते, तारखा हव्यातच. “जमेल तसं देईन” यावर सही घेऊ नये.

आपल्याकडचं ‘आपसात मिटवणं’ वेगळं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या कलम ३५९ मध्ये दिलेल्या गुन्ह्यांतच तडजोड होते, काहींत न्यायालयाच्या परवानगीनेच, आणि ती झाली की आरोपी निर्दोष सुटतो.