निस्तार पत्रक ते सामूहिक वनहक्क: पूर्व विदर्भातल्या जंगल कायद्याची पार्श्वभूमी

भारतातल्या वनसंवर्धनाचा इतिहास सांगताना बहुतेकदा चिपको, व्याघ्र प्रकल्प आणि संसदेने केलेले कायदे पुढे येतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत मात्र तो इतिहास तहसील कचेरीतल्या एका जुन्या कागदाशिवाय उलगडत नाही. तो कागद म्हणजे निस्तार पत्रक, गावाच्या जंगलावरच्या वहिवाटीची नोंद. इथल्या गावांना जंगलावरचा हक्क सिद्ध करता आला तो मुख्यतः त्याच्या आधारावर. झुडपी जंगलाचा, म्हणजे खुरट्या झुडपांच्या रानाचा, अनेक वर्षे चाललेला वादही निस्तारासाठी राखलेल्या जमिनींच्या महसुली नोंदींतूनच निघाला.

इंग्रजांनी १८६४ मध्ये वनखाते सुरू केले. १८६५ आणि १८७८ असे दोन कायदे आले. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. राखीव जंगल वाढत गेले, ग्रामवन जवळजवळ कागदावरच राहिले. आजही लागू असलेला १९२७ चा भारतीय वन अधिनियम त्याच चौकटीवर उभा आहे.

मध्य प्रांतात याच्या जोडीला मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या मालगुजाराची पद्धत. १८६० च्या दशकातल्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात गावची जमीन, तलाव आणि पडीक रान मालगुजाराच्या नावावर झाले. पण रयतेच्या गरजा नाकारता येण्यासारख्या नव्हत्या. सरपण, नांगर-वखराचे लाकूड, छपराचे गवत, कुंपणाचा बांबू, गुरांची चराई हा झाला निस्तार, आणि गावच्या वहिवाटींची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये होऊ लागली. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, तिथे रयतवारी होती, म्हणजे सारा रयत थेट सरकारला भरे. म्हणून निस्ताराचा आणि झुडपी जंगलाचा प्रश्न पूर्व विदर्भात जितका मोठा आहे तितका अमरावती-अकोल्याकडे नाही. जंगल कायद्याचा जाच मात्र तिकडेही होताच. जुलै १९३० मध्ये बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह झाला.

खरा बदल घडला तो १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी आणि जमीनदारीतली जंगले व तलाव सरकारजमा झाले. आजचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यातलेच. गावाच्या वहिवाटीचे काय करायचे, याचे उत्तर म्हणून निस्तार पत्रके तयार झाली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ ने निस्तार पत्रकाची आणि कलम १६५ ने वाजिब-उल-अर्जची तरतूद कायम ठेवली. ही कलमे त्या वेळी कोणाला फारशी महत्त्वाची वाटली नसतील. वनहक्क कायदा आल्यावर त्यांची खरी किंमत कळली.

मधल्या काळात धोरणाचा रोख गावाकडे नव्हता. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने एक तृतीयांश भूभाग जंगलाखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, पण गावाच्या गरजेपेक्षा राष्ट्रहित वरचढ मानले. व्यवहारात राष्ट्रहित म्हणजे इमारती लाकूड आणि कागद. बांबू कागद कारखान्याला नाममात्र दराने, तर गावाला तो निस्तारापुरताही मोजून मिळे. १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आले आणि मिश्र जंगल तोडून सागाची लागवड होऊ लागली. मोह, चार (चारोळीचे झाड), आवळा, बेहडा गेले की माणसाचे अन्न जाते आणि वन्यप्राण्यांचेही.

त्याच काळात संरक्षणाची दुसरी धार तयार झाली: १९७२ चा वन्यजीव कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प (पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते), १९७६ मध्ये समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, गेलेला वन हा विषय आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा. १९८० च्या कायद्याने केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देणे थांबवले. त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण जंगल वाचवायचे तर गावाला बाहेर ठेवायचे, हा समज त्याने बदलला नाही. तो मोडायला सुरुवात केली १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनाने. त्यातूनच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट, सर्वसहमतीचे निर्णय आणि ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा रुजली. १९८८ च्या वननीतीने गावाच्या गरजांना पहिला हक्क दिला, १९९० पासून संयुक्त वनव्यवस्थापन आले, १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा. मात्र संयुक्त व्यवस्थापनात समिती गावाची असली तरी शेवटचा शब्द खात्याचाच राहिला.

वनहक्क कायदा २००६ मध्ये मंजूर झाला आणि नियमांसह जानेवारी २००८ पासून प्रत्यक्षात आला. मेंढा आणि मारदा या गावांना २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०९ हेक्टर. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्कपत्र आणि परवाना यांच्यातली ही दोन वर्षे प्रत्येक गावाने लक्षात ठेवावीत. मालकी मान्य होते, वाहतूक अडते.

वनहक्काच्या दाव्यात चूक होते ती बहुतेक वेळा अर्जाच्या नमुन्यातच. नमुना अ वैयक्तिक शेतीसाठी, ब निस्तार व गौण वनउपजासारख्या सामूहिक वापरासाठी आणि क सामूहिक वनसंसाधनासाठी, म्हणजे राखण आणि व्यवस्थापनाच्या अधिकारासाठी. फक्त ब भरला तर तेंदूपत्ता आणि मोह गोळा करता येतो, पण जंगल कसे राखायचे हे ठरवण्याचा हक्क दाव्यात येत नाही. वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश महिला. दावा मंजूर करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य आणि त्यांत एक तृतीयांश महिला हजर हव्यात. दोन पुरावे लागतात. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये निस्तारासारखे सामूहिक हक्क आणि हक्कांच्या सरकारी नोंदी पुरावा म्हणून धरल्या आहेत, त्यामुळे इथल्या गावाचा एक पुरावा कचेरीतच पडलेला असतो. दुसरा म्हणून वयस्कर माणसांचे लेखी जबाब, देवस्थान, जुने पाणवठे, गुरांच्या वाटा यांची नोंद चालते. हद्द पाहण्याच्या शिवारफेरीला शेजारच्या गावांना लेखी बोलवावे. नंतर हद्दीवरून वाद निघाला तर दावा उपविभागीय समितीतच अडकतो. हक्कपत्र हाती आल्यावर ते ग्रामसभेच्या नावाने आहे की ग्रामपंचायतीच्या, जंगलाचे कक्ष क्रमांक सगळे आले आहेत का आणि कायद्यात नसलेल्या अटी घातल्या आहेत का, हे वाचून मगच स्वीकारावे. उपविभागीय समितीने क्षेत्र कापले असेल तर जिल्हा समितीकडे अपिलाला ६० दिवस असतात.

हक्क मिळाल्यावर जंगल टिकते की नाही, हे कापणीवर ठरते. बांबूच्या बेटातून दरवर्षी कापू नये. तीन-चार वर्षांचे चक्र ठेवावे. एक आणि दोन वर्षांचे बांबू सोडून फक्त पक्के घ्यावेत, आणि जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर, धारदार कोयत्याने, तिरपा न करता कापावे. फाटलेल्या खुंटात पाणी साचून कंद कुजतो. सोपे म्हणून बाहेरचेच बांबू तोडले तर मधला भाग गच्च होतो आणि नवे कोंब वाकडे येतात. त्यासाठी एका बाजूने वाट काढत आतले जुने काढावेत. पावसाळ्यात कापणी नाही, आणि वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) किती काढायचे हेही ग्रामसभेने ठरवावे.

तेंदूचा हिशेब वेगळा. ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांचे एक प्रमाण गोणी. चांगल्या पानासाठी ठेकेदाराची माणसे फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडुपे छाटतात आणि कुठे कुठे आग लावतात. मोहाखालचा पाला जाळण्याची सवय त्यात भर घालते. जळालेल्या रानात रोपटी उरत नाहीत, छाटलेल्या तेंदूला फळ लागत नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगाव ग्रामसभेने याच कारणाने तेंदू तोडणे बंद करून बांबूवर भर दिला. सगळ्या गावांना हे परवडणार नाही, पण लिलावाच्या करारात छाटणी व आगीची मनाई आणि आगाऊ रक्कम ही दोन कलमे तरी असावीतच.

आता झुडपी जंगल. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय नोंदीत वन म्हणून असलेल्या जमिनीला, मालकी कोणाचीही असो, १९८० चा कायदा लागू केला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमिनी या व्याख्येत येतात का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने त्या वनच असल्याचे सांगितले आणि १९९६ च्या त्या तारखेआधी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीचा मार्ग ठेवला. वनहक्क कायद्यातली वनजमिनीची व्याख्या अवर्गीकृत (वर्ग न ठरवलेल्या) आणि मानीव (वन समजल्या जाणाऱ्या) वनांनाही कवेत घेते. त्यामुळे ज्या गावांनी आपले झुडपी रान महसुली म्हणून दाव्याबाहेर सोडले, त्यांना ते नमुना क मध्ये मागण्याचा आधार या निकालाने अधिक पक्का झाला आहे, असे आमचे मत आहे. त्यासाठी तहसील कार्यालयातून निस्तार पत्रकाची प्रमाणित प्रत घ्यावी. मूळ पत्रक आणि नंतरची दुरुस्ती दोन्ही मागावीत, आणि त्यातले जुने गट क्रमांक आजच्या नकाशाशी जुळवून घेतल्याशिवाय दावा दाखल करू नये.