ठोका कोठून द्यायचा?

पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला ठोके देतो हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते कोणत्या जागी दिले जातात, यावरही त्या हृदयाची पुढची ताकद अवलंबून असते. पेसमेकरची तार वर्षानुवर्षे उजव्या जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याच्या, टोकाशी बसवली गेली, कारण तेथे ती सहज पोहोचते आणि टिकते. मात्र तेथून निघालेला विद्युतसंदेश हृदयाच्या स्वतःच्या जलद वाहक तंतूंतून न जाता, हमरस्ता सोडून गल्लीबोळांतून वाट काढावी तसा स्नायूंमधून सरकतो आणि डावी जवनिका उशिरा, विस्कळीतपणे आकुंचन पावते. २००२ च्या ‘डेव्हिड’ चाचणीत, हृदय कमकुवत असलेल्या ज्या डिफिब्रिलेटरधारकांना (डिफिब्रिलेटर म्हणजे धोकादायक लय विजेच्या झटक्याने सुधारणारे उपकरण) असे ठोके अधिक दिले गेले, त्यांच्यात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे डाव्या जवनिकेच्या बाहेरील शिरेत आणखी एक तार घालून दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच वेळी ठोका देणे, म्हणजेच सीआरटी (कार्डिअ‍ॅक रिसिंक्रोनायझेशन थेरपी). पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर आधीच बसवलेल्या ३६० रुग्णांच्या ‘बुडापेस्ट’ चाचणीत (२०२३) मृत्यू, हार्ट फेल्युअरमुळे भरती किंवा जवनिकेचा फुगवटा पुरेसा न उतरणे यांपैकी काहीतरी वर्षभरात केवळ डिफिब्रिलेटर असलेल्या सुमारे ७९ टक्के रुग्णांत घडले, तर सीआरटीची जोड मिळालेल्यांत ३२ टक्क्यांत. तरीही सीआरटी घेणाऱ्या साधारण एकतृतीयांश रुग्णांना अपेक्षित लाभ होत नाही, आणि काहींच्या हृदयात तारेजोगी शीरच सापडत नाही.

मग मूळचा हमरस्ताच का वापरू नये? अमेरिकेत प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हिस बंडल या वाहक तंतूंच्या जुडग्यालाच थेट ठोका देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८ पैकी १२ रुग्णांत तार कायमची बसवता आली. ही जागा मात्र फार छोटी, आणि तेथे पुष्कळदा जास्त विद्युतशक्ती लागत असल्याने बॅटरी लवकर उतरते. चीनमधील वेनझोऊचे वेइजियान हुआंग यांच्या चमूने २०१७ मध्ये तार उजवीकडून दोन जवनिकांमधल्या पडद्यात खोलवर फिरवत नेऊन हिस बंडलच्या डाव्या शाखेपर्यंत पोहोचवली. तेथे कमी शक्ती पुरते, आणि मला तर या पद्धतीचे खरे बळ तिच्या या साधेपणातच दिसते.

२०२२ च्या एका चाचणीत या पद्धतीने हृदयाची पंपिंग क्षमता सीआरटीपेक्षा अधिक सुधारली, पण त्यात रुग्ण होते अवघे ४०. आयुष्य वाढते का, हे इतक्या थोड्या रुग्णांवरून ठरत नाही; म्हणूनच वाहक तंतूंना ठोका देणे आणि सीआरटी यांची तुलना करणारी, दोन हजारांहून अधिक रुग्णांची ‘लेफ्ट व्हर्सेस लेफ्ट’ ही चाचणी हाती घेण्यात आली आहे.