कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो? सीपीयू आणाल तेव्हा यूपीएसही आणा

"तुमच्याकडे चालतो, घरी नेला की बंद पडतो." ही तक्रार आमच्या काउंटरवर सारखी येते. ग्राहक फक्त सीपीयू घेऊन येतात. आम्ही तो दिवसभर चालवून पाहतो, एकदाही बंद पडत नाही. घरी जोडला की संध्याकाळी पुन्हा फोन. अशा बहुतेक वेळी बिघाड टेबलाखाली राहिलेल्या यूपीएसमध्ये असतो, आणि तो तपासायला आमच्यासमोर कधी आलेलाच नसतो.

आधी नक्की काय बंद होते ते बघा. स्क्रीन काळी झाली पण सीपीयूचा पंखा फिरतोय, तर मॉनिटर किंवा त्याची केबल तपासायची. पॉवरचा दिवा लुकलुकतोय आणि कीबोर्डचे बटण दाबताच काम होते तिथून सुरू होते, तर मशीन झोपले आहे. सेटिंग्जमध्ये स्लीपची वेळ वाढवा, दुकानात यायची गरज नाही. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होत असेल तर मोबाइलवर तिचा फोटो काढून आणा, तो रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्कचा विषय असू शकतो. पुढची माहिती आहे ती प्लग उपटल्यासारखा खटकन बंद होणाऱ्या मशीनसाठी.

यूपीएसची बॅटरी

घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ एएचची एक सीलबंद बॅटरी असते. दोन ते तीन वर्षांत ती उतरते. उतरली तरी यूपीएसचा हिरवा दिवा लागतो आणि मेन लाईटवर कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. शेजारची पाण्याची मोटर किंवा फ्रिज सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली येते. यूपीएस टक् करून बॅटरीवर जातो, बॅटरी लोड उचलू शकत नाही आणि कॉम्प्युटर बंद. तोवर मेन लाईट सावरलेली असते, घरातला छताचा पंखा फिरतच असतो. "लाईट तर गेलीच नव्हती" असे ग्राहक सांगतात ते खोटे नसते.

तपासणी घरी होते. कॉम्प्युटर शटडाउन करून त्याची वायर यूपीएसमधून काढा. त्या जागी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करा. बल्ब पाच मिनिटे तरी टिकला पाहिजे. लगेच विझला तर बॅटरी गेली. ९ वॉटच्या एलईडी बल्बवर ही परीक्षा करू नका, एवढासा भार मेलेली बॅटरीही ओढते. कॉम्प्युटर चालू असताना प्लग काढून बघणे तर नकोच, हार्डडिस्क खराब व्हायचे ते एक कारण आहे.

बल्ब नसेल तर यूपीएस बाजूला ठेवून कॉम्प्युटर दोन दिवस थेट भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटवर चालवा, काम सेव्ह करत करत. त्या दोन दिवसांत मेन लाईट न जाता एकदाही बंद पडला नाही, तर सीपीयू उचलून आणण्याचे कष्ट वाचले. फक्त यूपीएस आणा.

यूपीएसवर लेझर प्रिंटर लावलेला असेल तर आजच काढा. प्रिंट देताना त्याचा हीटर काही क्षण कित्येकशे वॉट खेचतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस ट्रिप होतो. गेमिंग मशीनवाल्यांसाठी थोडे वेगळे: अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर नीट चालत नाहीत. बॅटरी नवी असूनही लाईट जाताच मशीन बंद होत असेल तर प्युअर साइन वेव्हचा यूपीएस लागेल.

फॉरमॅट मारून आणू नका

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की अनेक जण विंडोज नवीन टाकतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते. तपशिलात बगचेककोड ० असेल तर निळी स्क्रीन नोंदली गेलेली नाही, म्हणजे आधी वीज किंवा उष्णता बघायची. १०७४ ही नोंद असेल तर मात्र अपडेटने, एखाद्या प्रोग्रॅमने किंवा कुणीतरी स्वतः शटडाउन दिलेला आहे. फॉरमॅटने या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. शिवाय सी ड्राइव्हवरचा टॅलीचा डेटा आणि मराठी फॉन्टही जातात. मशीन पुन्हा बंद पडतेच.

आत काय बिघडते

सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी किंवा गेम, व्हिडिओ एडिटिंग चालू असताना बंद पडत असेल तर उष्णता तपासा. तापमान दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. काही काम नसताना प्रोसेसर ३५ ते ५० अंश, भरपूर काम असताना ७० ते ८५ अंश ठीक. ९५ च्या वर जाऊन बंद पडला तर हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा धातूचा ठोकळा) धूळ आहे, त्याखालची पेस्ट सुकली आहे किंवा इंटेलच्या डब्यातल्या कूलरची चारपैकी एखादी पिन उचकटली आहे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर साफसफाईचा उपयोग चार दिवस टिकेल. मागची फळी काढा.

चालू करताच चार-पाच सेकंदांत बंद होतो? कॅबिनेटचे पॉवर बटण आत अडकलेले असू शकते, कारण बटण तेवढा वेळ दाबून धरले की मशीन सक्तीने बंद होते.

भार पडताच बंद होतो पण तापमान ठीक आहे, तर संशय एसएमपीएसवर. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असते, पण लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. १८ अँपिअर असतील तर त्या लाइनवर २१६ वॉटच मिळतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोघांची भूक त्याच लाइनवर भागते. एसएमपीएस उघडू नका, बंद असतानाही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

मदरबोर्डवरचा बटन सेल मात्र यात निर्दोष आहे. तो संपला की घड्याळ चुकते. तरी तो बदलून घेण्याचा आग्रह धरणारे बरेच जण भेटतात.

आमची पद्धत

तपासणी फी २०० रुपये, दुरुस्ती करून घेतली तर बिलातून वजा. "काहीच बिघाड निघाला नाही, मग फी कसली?" असे विचारले जाते. अधूनमधून येणारा बिघाड पकडायला मशीन तासन् तास भारावर चालवावे लागते, टेबल आणि माणूस दोन्ही अडकतात. याच कारणाने आम्ही मशीन एक रात्र ठेवून घेतो आणि उभ्या उभ्या निदान सांगत नाही. पार्ट बदलायचा असेल तर आधी आमचा एसएमपीएस किंवा बॅटरी लावून मशीन चालवून दाखवतो, मग विकतो. काढलेला पार्ट तुमच्या हातात देतो. जुनी बॅटरी आमच्याकडे ठेवलीत तर तिची भंगाराची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून कमी होते.

येताना सीपीयू, त्याची पॉवर केबल, यूपीएस आणि वापरत असाल तर स्पाईक बस्टरही आणा. ढिले सॉकेट हेही एक कारण असते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरीच राहू द्या. बंद पडल्याच्या वेळा कागदावर लिहून आणल्यात तर आमचे निम्मे काम होते. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बंद पडत असेल तर आम्ही मशीन उघडण्याआधी तुमच्या घरचे व्होल्टेज आणि अर्थिंग मोजायला माणूस पाठवू. गावात असाल तर त्या भेटीचे वेगळे पैसे नाहीत.