फोरसम आणि फोरबॉल: काउंटी व्हेटरन्सच्या मोसमात गफलत कुठे होते

इंग्लंडमध्ये काउंटी (जिल्हा) पातळीवरच्या महिला व्हेटरन्स गोल्फचा मोसम साधारण एप्रिलमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. पन्नाशी पूर्ण केलेल्या खेळाडूंसाठी स्प्रिंग मीटिंग, ऑटम मीटिंग, कॅप्टन्स डे आणि शेजारच्या काउंटींशी सामने असतात. या वेळापत्रकात वैयक्तिक स्टेबलफर्डच्या (दर होलवरच्या स्कोअरनुसार गुण देण्याच्या प्रकाराच्या) बरोबरीने दोन प्रकार वारंवार दिसतात, फोरसम आणि फोरबॉल. दोन्हींत चार जणी, दोन जोड्या आणि एकच टी-टाइम (खेळ सुरू करण्याची वेळ). क्लबात वर्षानुवर्षं एकच प्रकार खेळून काउंटीच्या स्पर्धेत उतरलेली खेळाडू नेमकी इथेच अडकते.

फरक एका वाक्यात सांगता येतो. फोरसममध्ये जोडीचा बॉल एकच असतो आणि दोघी आळीपाळीने फटका मारतात. फोरबॉलमध्ये प्रत्येकीचा बॉल वेगळा असतो आणि प्रत्येक होलवर जोडीतल्या दोघींपैकी चांगला स्कोअर धरला जातो. गोल्फच्या नियमांत फोरसमसाठी नियम २२ आहे, फोरबॉलसाठी नियम २३. हेच नियम पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कोर्सवरही लागू आहेत. फोरसममधल्या चुका मैदानावर होतात, फोरबॉलमधल्या बहुतेक कागदावर. म्हणून तयारीही वेगळी लागते.

आधी फोरसम. टी-शॉटची, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून (टीवरून) मारायच्या पहिल्या फटक्याची, पाळी होलप्रमाणे ठरते. जोडीतल्या दोघींना अ आणि ब म्हणू. पहिल्या होलवर अ ने सुरुवात केली तर विषम होल तिचे, सम होल ब चे. आधीच्या होलचा शेवटचा पट (बॉल होलमध्ये घालायचा हळू फटका) कोणी मारला याचा पुढच्या टीशी काही संबंध नाही. नवख्या जोड्यांची सगळ्यात नेहमीची चूक हीच: ब ने पट होल केला म्हणून पुढच्या टीवर अ उभी राहते, मग तो होल कोणाचाही असो. शॉटगन स्टार्टमध्ये (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून निघतात) तुम्ही सातव्या होलवरून निघालात तरी सम-विषम वाटणी शेवटपर्यंत टिकते, कारण अठराव्यानंतर पहिला होल येतो आणि पाळी आपोआप जुळते.

होल सुरू झाल्यावर मात्र काटेकोर एकाआड एक. दंडाच्या फटक्याने पाळी बदलत नाही. अ ने टीवरून बॉल पेनल्टी एरियात (पाण्यासारख्या अडथळ्याच्या भागात) घातला, तर ड्रॉप करून (बॉल हातातून खाली सोडून) पुढचा फटका ब चा. ड्रॉप दोघींपैकी कोणीही करू शकते, फटका मात्र जिची पाळी तिनेच मारायचा. बॉल आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला तरी तसंच, टीवरून पुन्हा मारणार ती ब.

प्रोव्हिजनल बॉलचा (पहिला हरवला असेल या शंकेने मारून ठेवलेल्या दुसऱ्या बॉलचा) प्रसंग नीट समजून घ्यावा, कारण गोंधळ इथे सर्वांत जास्त होतो. अ चा टी-शॉट झाडीत गेला, सापडेल की नाही शंका आहे. प्रोव्हिजनल मारायचा तो ब ने. पुढे जाऊन पहिला बॉल सापडला, तर तो अ ने मारलेला होता, म्हणून पुढचा फटका ब चा. सापडला नाही, तर प्रोव्हिजनल खेळात येतो. तो ब ने मारलेला, म्हणून पुढचा फटका अ चा. तीन मिनिटांच्या शोधानंतर घाईघाईत जवळ उभी असेल ती मारून मोकळी होते आणि चुकते.

चुकीच्या जोडीदाराने मारलं तर मॅचप्लेमध्ये (होलमागे होल जिंकण्याच्या सामन्यात) होल गेला. स्ट्रोकप्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन दंडाचे फटके, आणि जिथून चूक झाली त्या जागेवरून योग्य जोडीदाराने पुन्हा खेळायचं. मधले फटके मोजायचे नाहीत. पुढच्या टीवर फटका मारण्याआधी ही दुरुस्ती झाली नाही तर जोडी बाद. स्टेबलफर्ड असेल तर जोडी बाद होत नाही, त्या होलचे शून्य गुण मिळतात. जोडीदाराला सोपी पाळी मिळावी म्हणून मुद्दाम हवेत क्लब फिरवण्याची युक्ती चालत नाही: मुद्दाम चुकवलेला फटका फटकाच मानला जात नाही आणि पाळी तिचीच राहते. मारायला गेली आणि खरोखरच हुकली, तर तो फटका मोजायचा आणि पुढची पाळी जोडीदाराची.

विषम होल कोणी घ्यायचे, हा निर्णय पहिल्या टीवर नव्हे, आदल्या दिवशी महिलांचं स्कोअरकार्ड समोर ठेवून घ्यावा. पार-३ होल (तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेले) बहुतेक सम आकड्यांवर असतील, तर आयर्न क्लबने सरळ मारणारी सम होल घेते. लांब कॅरी (बॉलने हवेतून कापायचं अंतर) लागणारे होल एका बाजूला जमले असतील, तर तिथे लांब मारणारी. बॉलच्या ब्रँडवरूनही वाद नको: होल चालू असताना बॉल बदलता येत नाही, पण दोन होलच्या मध्ये बदलता येतो, त्यामुळे प्रत्येकीला आपापल्या टीवर आपल्या आवडीचा बॉल ठेवता येतो. स्पर्धेत एकाच बॉलची सक्ती करणारा स्थानिक नियम असेल तरच ही मुभा नसते.

वेगही फोरसमचाच. चौघींत दोनच बॉल असल्यामुळे एक टीवर असताना तिची जोडीदार पुढे बॉल पडेल तिथे चालत जाते. फोरबॉलपेक्षा फेरी बरीच लवकर संपते. भर ऑक्टोबरात, लवकर अंधारणाऱ्या दिवशी हे फार मोलाचं. एक तोटा मात्र खरा: दर होलला दोन-तीनच फटके वाट्याला येतात, मध्ये शरीर गार पडतं आणि पन्नाशी-साठीतल्या पाठीला ते जाणवतं. स्वेटर काढ-घाल करायचा कंटाळा करू नये, आपल्या पाळीआधी दोन सराव-स्विंग घ्यावेत. ब्रिटिश क्लबांत एक जुना दंडक आहे, फोरसममध्ये जोडीदाराला ‘सॉरी’ म्हणायचं नाही. तो पाळावा. सतराव्या होलपर्यंत माफी मागत राहिलेली जोडीदार दोघींचा खेळ घालवते.

फोरबॉलमध्ये पाळीचा हा ताण नाही. जोडीची वेळ आली की दोघींपैकी कोणी आधी मारायचं ते त्या ठरवतात, आणि याचा खरा फायदा ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड कापलेल्या गवतावर) होतो. अ चा बॉल पंधरा फुटांवर, ब चा चार फुटांवर, दोघींचा पट दोन गुणांसाठी. ब ने आधी मारून दोन गुण पक्के केले, की अ ला खरं तर पट मारायची गरजच उरत नाही. उलट अ चा पट तीन गुणांसाठी असेल, तर ब ने दोन गुण खिशात टाकल्यावर अ ला तो धीटपणे होलपलीकडे जाईल इतका मारता येतो. स्कोअरला उपयोग नसेल तर बॉल उचलावा. न उचलणाऱ्या जोड्यांमुळेच फोरबॉलच्या फेऱ्या रेंगाळतात.

मॅचप्लेमध्ये एक सापळा आहे. प्रतिस्पर्ध्यांनी अ चा पट सोडून दिला (न मारताच तो होल झाला असं मान्य केलं), तरी सवयीने ती मारते आणि त्याच रेषेवर पट असलेल्या ब ला ग्रीनचा उतार दिसतो. अशा वेळी अ चा सोडलेला स्कोअर राहतो, पण ब चा त्या होलवरचा स्कोअर धरता येत नाही. पट सोडला की बॉल उचलायचा.

आता आकडेमोड, जिथे फोरबॉल खरा नडतो. नोव्हेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये जागतिक हँडिकॅप पद्धत आहे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारे जादा फटके. हँडिकॅप इंडेक्स १६.४ असेल आणि टीचं स्लोप रेटिंग (कोर्स किती अवघड याचा आकडा, सर्वसाधारण कोर्सचा ११३) १२४, तर १६.४ गुणिले १२४ भागिले ११३, म्हणजे १८. एप्रिल २०२४ पासून त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) आणि पार (कोर्सचे ठरलेले फटके) यांतला फरकही मिळवतात. या कोर्स हँडिकॅपवर प्रकारानुसार टक्के लागतात. सोयीसाठी पूर्णांक धरू: अ १८, ब २७, क १४, ड १८. अ-ब एक जोडी, क-ड दुसरी.

फोरसममध्ये जोडीच्या बेरजेच्या निम्मे. अ-ब ४५ चे निम्मे २२.५, म्हणजे २३. क-ड ३२ चे निम्मे १६. मॅचमध्ये अ-ब जोडीला ७ फटके मिळतात, ते स्ट्रोक इंडेक्स (फटके कोणत्या होलवर द्यायचे याचा कार्डावरचा क्रम) १ ते ७ च्या होलवर.

फोरबॉल मॅचप्लेमध्ये प्रत्येकीचे ९० टक्के वेगळे काढायचे: अ १६, ब २४, क १३, ड १६. सर्वांत कमी क ची, ती शून्यावर खेळते. बाकीच्यांना फरक: अ ३, ब ११, ड ३. जुनी सवय मात्र आधी फरक काढून मग ९० टक्के घेण्याची आहे. २०२० पूर्वी तसंच होतं. त्या हिशेबाने अ ला ४, ब ला १२, ड ला ४ येतात, म्हणजे प्रत्येकीला एक फटका जास्त. एका होलच्या फरकाने संपणाऱ्या सामन्यात हा एक फटका निकाल फिरवतो. फोरबॉल स्टेबलफर्ड असेल तर ९० नव्हे, ८५ टक्के: अ १५, ब २३.

स्ट्रोक इंडेक्स महिलांच्या कार्डावरचाच वाचावा. अनेक कोर्सवर पुरुषांचा क्रम वेगळा असतो आणि फटका चुकीच्या होलवर दिला जातो.

फोरबॉलच्या कार्डावर प्रत्येक होलला निदान एकीचा ग्रॉस स्कोअर (हँडिकॅप वजा न केलेला), आणि तो तिच्याच रकान्यात लिहायचा. अ चा पाच ब च्या रकान्यात गेला, तर ब च्या हँडिकॅपचा फटका त्याला लागतो आणि स्कोअर खोटा ठरतो. नेट (हँडिकॅप वजा केलेला) लिहू नये, गुणांची बेरीज समितीवर सोडावी. फोरसमच्या कार्डावर रकाना एकच असल्याने ही चूक संभवतच नाही. फोरसमचा स्कोअर वैयक्तिक हँडिकॅपसाठी धरलाही जात नाही.

जोडीदार निवडताना निकषही उलटे. फोरसमला सरळ मारणारी, एका स्वभावाची जोडीदार हवी, कारण तिच्या प्रत्येक फटक्याची जागा तुम्हाला निस्तरायची असते. फोरबॉलला एक सातत्याची आणि एक धाडसी अशी जोडी चांगली. दोघींच्या हँडिकॅपमध्ये थोडं अंतर असेल तर अवघड होलवर एकीला तरी जादा फटका असतो. टीम निवडणाऱ्या कॅप्टनने दोन्ही प्रकारांसाठी तीच यादी वापरू नये. कर्टिस कपमध्येसुद्धा (ब्रिटन-आयर्लंड आणि अमेरिका यांच्या हौशी महिला संघांची स्पर्धा) फोरबॉल २००८ मध्ये आला. तोवर तिथे फोरसम आणि सिंगल्सच होते.

वेळापत्रकात ग्रीनसम दिसलं तर तो तिसराच प्रकार: दोघी टी-शॉट मारतात, एक बॉल निवडतात, आणि ज्या जोडीदाराचा बॉल घेतला नाही तिने दुसरा फटका मारायचा, पुढे आळीपाळीने. हँडिकॅप कमीवालीचे ६० टक्के अधिक जास्तवालीचे ४० टक्के, म्हणजे अ-ब साठी २१.६, अर्थात २२.